मशीन बरी हाय

आमच्या घरात सकाळ व्हायची ती मोरीतल्या पाण्याच्या आवाजाने. पहाटे फजरच्या नमाजाआधी अम्मी वजू करायला, म्हणजे हात-तोंड-पाय धुवायला बसायची, आणि हातावर पहिलं पाणी पडलं की दातांतून श्वास आत ओढायची. स्स. एवढंच. मग पाणी वाहत राहायचं आणि पुढचं सगळं ती गुपचूप उरकायची. पनवेलच्या जुन्या मोहल्ल्यात दुसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या, भिंती इतक्या पातळ की शेजारच्या घरात कोणी कूस बदलली तरी कळावं. त्यामुळे अंथरुणात पडल्या पडल्या तो आवाज मला रोज ऐकू यायचा. नमाज पाच, म्हणजे वजू पाच वेळा, म्हणजे तो आवाजही पाच वेळा. लहानपणी मला वाटायचं, पाणी गार असेल. आठवीत गेल्यावर एकदा मी तिच्या हातावर पाणी घालायला बसले, तेव्हा पाणी कोमट आहे हे मला कळलं.

अम्मीला साबण सोसत नव्हता. बोटांच्या पेरांवर आणि तळव्याच्या रेषांवर कातडी चिरायची, चिरा लाल व्हायच्या आणि थंडीच्या दिवसांत त्यांतून रक्त यायचं. तांदळाच्या भाकरीची उकड मळताना ती मधेच हात काढून घ्यायची, फुंकर घालायची आणि पुन्हा मळायला लागायची. डॉक्टर म्हणाले होते, "बाई, मलम कितीही लावा, हे हात साबणाच्या पाण्यात जात राहिले तर बरे व्हायचे नाहीत." बोलायला काय जातं! घरात मासळीचं जेवण, खोबऱ्याचं वाटण, तेलकट कढया, येणारंजाणारं माणूस. भांडी काय आपोआप घासली जाणार होती? बाई ठेवायची म्हटलं तर फुफी आडवी यायची. फुफी म्हणजे अब्बांची थोरली बहीण. नवरा वारल्यापासून ती आमच्याकडेच होती. मनाने फार चांगली, पण बाहेरच्या बाईने घासलेलं भांडं तिला चालायचं नाही. भांडं नुसतं स्वच्छ होऊन भागत नाही, ते पाक व्हायला हवं, म्हणजे साबण निघाल्यावर त्यावरून तीनदा नवं पाणी जायला हवं, आणि ते तीनदा गेलं की नाही हे फुफी स्वतः मोजायची. मी घासते म्हटलं तर अम्मी मला दंडाला धरून मोरीबाहेर काढायची. "तू पुस्तक धर. तुझे अब्बा तिकडे कशासाठी राबतात?"

अब्बा कुवेतला होते. एका मोठ्या हॉटेलात 'मशीनवर' होते. आमच्या मोहल्ल्यात दर दोन घरांमागे एक माणूस आखातात असायचा आणि 'मशीनवर आहेत' म्हटलं की पुढे कोणी काही विचारायचं नाही. मीही कधी विचारलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर निळा गणवेश घातलेले, बटणं दाबणारे अब्बा असायचे. दर जुम्म्याला दुपारच्या नमाजानंतर त्यांचा फोन यायचा. पहिले फुफी बोलायची, मग अम्मी, मग मी, आणि शेवटी अम्मीच्या हातांची चौकशी व्हायची. तिकडून गावी येणाऱ्या कुणाबरोबर ते अम्मीसाठी एक पांढरं मलम पाठवायचे, लांबट ट्यूबमधलं, बिनवासाचं. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलेलं असायचं: रात्री झोपताना लाव आणि वरून सुती मोजे घाल, याने फरक पडतो, मला माहीत आहे. त्यांना कसं माहीत, हा प्रश्न इतक्या वर्षांत आमच्यापैकी एकीलाही पडला नाही. आज मी वर्गातल्या पोरांना सांगत असते, वाचलेल्या प्रत्येक वाक्याला 'कशावरून' विचारा म्हणून. स्वतःच्या बापाच्या चिठ्ठीला तेवढं विचारायचं मला सुचलं नाही.

मी नववीत असताना अब्बा सुट्टीवर आले, आणि त्यांच्या मागोमाग जहाजाने एक लाकडी खोकं आलं. चार माणसांनी ते जिन्यावरून वर चढवलं. खालच्या मजल्यावरच्या बायका विचारत होत्या, "फ्रीज हाय काय?" खोक्यातून निघाली भांडी धुण्याची मशीन. कुवेतमधल्या कुठल्याशा कुटुंबाने वापरलेली, दाराला एक पोचा आलेला. अब्बांनी ती मोरीच्या कडेला बसवली, नळाला एक पाइप जोडला, दुसरा मोरीत सोडला आणि अम्मीला म्हणाले, "आजपासून तुझे हात साबनात जायचे नाय."

फुफीने एकदा आत वाकून पाहिलं आणि फैसला दिला. "तेच तेच पानी फिरवनार ना ही? मग भांडी पाक कशी होनार? मी नाय जेवायची त्यात."

अब्बांनी वाद घातला नाही. त्यांनी फुफीला स्टूल दिलं, मोरीतला पाइप उचलून बादलीत सोडला, आत दुपारच्या सुरमईच्या कालवणाची भांडी रचली आणि मशीन चालू केली. मशीन चालताना आतून पाऊस पडल्यासारखा आवाज यायचा. अब्बा समजावून सांगत होते. आत खाली एक आणि वर एक असे दोन पोकळ दांडे असतात, त्यांना बारीक भोकं असतात. पाण्याचा जोर त्या भोकांतून तिरका सुटतो आणि त्याच जोराने दांडे गरगर फिरतात. "घासत नाय ती. गरम पानी मारते." फुफीचं म्हणणं अर्धं खरं होतं. तळाशी घेतलेलं थोडंसं पाणीच पंप उचलून पुन्हा पुन्हा मारतो, मधे एक जाळी असते ती खरकटं अडवते. पण ते काम झालं की सगळं पाणी बाहेर जातं आणि नवं येतं. पहिली बादली हळदीची पिवळीजर्द भरली. अब्बांनी ती ओतली. दुसरी साबणाची, फेसाळलेली. मग तिसरी, जराशी गढूळ. चौथी, पाचवी. पाचव्या बादलीत तळाचा गंजलेला टवका दिसत होता. फुफी बोटांवर मोजत होती. "साबनानंतर तीन झाली," ती म्हणाली. आणि उठताना एवढंच, "पन दार लावताना बिस्मिल्ला बोलायचं." तेव्हापासून आमच्या घरात मशीनचं दार बिस्मिल्ला म्हटल्याशिवाय कधी लागलं नाही.

सुट्टी संपेपर्यंत अब्बांनी मला सगळं शिकवलं. अम्मीला नाही, मला, कारण मी 'सायन्सवाली' होते. ताटं नळाखाली धूत बसायचं नाही, काटे आणि शितं तेवढी डब्यात झाडायची. बशांची तोंडं मधल्या बाजूला करायची, म्हणजे पाणी थेट लागतं. पळीचा दांडा खाली लोंबू द्यायचा नाही, नाहीतर फिरणारा दांडा अडकतो. ॲल्युमिनियमची पातेली आत घातली तर काळी पडतात, कलईची भांडी आणि फुफीची करवंटीची डवली तर घालायचीच नाहीत. दर जुम्म्याला तळाची जाळी फिरवून काढायची आणि जुन्या ब्रशने घासायची. महिन्यातून एकदा दांड्यांच्या भोकांत टाचणी घालायची. दाराच्या रबराच्या घड्या ओल्या फडक्याने पुसायच्या, वास तिथूनच येतो. आणि सगळ्यांत शेवटी त्यांनी मला तळाचं एक झाकण दाखवलं, वळवून काढायचं, इतकं घट्ट की मला दोन्ही हात लावावे लागले. त्याखाली मिठाचा डबा होता. आमच्याकडे बोअरचं पाणी, जड. बादलीला, नळाला पांढरी पुटं चढायची. मशीनच्या आत पिवळट बारीक मण्यांचा एक डबा असतो, तो पाण्यातला तो जडपणा धरून ठेवतो, आणि मण्यांनी धरलेलं सोडवायला मिठाचं पाणी लागतं. मीठ भांड्यांना लागत नाही, मण्यांना लागतं. "हेच मीठ," अब्बांनी तिकडून आणलेला खोका माझ्या हातात दिला. "दुसरं कुठलं नाय. संपलं की सांग, मी पाठवतो."

ते गेले. मशीन रोज रात्रीच्या जेवणानंतर चालायची. दोनेक महिन्यांनी एका सकाळी मला जाग आली आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मोरीत पाणी वाजत होतं, पण तो आवाज नव्हता. अम्मी वजू करून बाहेर आली, मी तिचे हात धरून पाहिले. चिरा भरल्या होत्या. त्या वर्षी ईदला तिने सांदणं केली, नारळाच्या दुधात बुडवून मला स्वतःच्या बोटांनी भरवली. तिची बोटं तेव्हा किती मऊ लागली ते मला अजून आठवतं, आणि आठवलं की लाज वाटते, कारण पुढचं सगळं मी केलं.

मीठ संपलं. मशीनवरचा छोटा लाल दिवा लागला. अब्बांनी फोनवर सांगितलं, ओळखीचा एक जण दीड महिन्याने येतोय, त्याच्याकडे देतो, तोवर नुसती चालव, पुटं चढली तर चढू देत. पण मी तेव्हा दहावीत गेले होते आणि मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड हे मला पाठ होतं. अब्बांच्या खोक्यातले दाणे पांढरे आणि जाडे होते. आमच्या घरात मोठी बरणी भरून तसंच जाडं मीठ होतं, मासळी खारवायला. उरणकडून सुकी मासळी घेऊन येणारी जनाबाय ते गोणपाटात घालून आणायची आणि सांगायची, "मीठ आमचे मिठागराचा हाय बाय, दुकानान असा नाय भेटनार." मिठागरं आमच्या इतकी जवळ, आणि मीठ यावं कुवेतहून? मला ते हास्यास्पद वाटलं. घरात कोणी नसताना मी झाकण काढलं आणि बरणीतलं मीठ ओंजळीओंजळीने आत ओतलं. दिवा विझला. मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

मिठागराचं मीठ वाईट नसतं, आयुष्यभर आम्ही ते खाल्लं. पण खाडीचं पाणी उन्हात आटवून केलेल्या त्या मिठात चिखल असतो, आणि पाणी जड करणारे जे क्षार मशीनला काढायचे असतात तेच त्यात भरलेले असतात. महिनाभरात पेल्यांवर पांढरा थर दिसू लागला, मग ताटांवर. मग एके दिवशी बटण दाबलं तर मशीन नुसती घुमली, पाणी आत येईना. वॉशिंग मशीन दुरुस्त करणारा एक जण येऊन बघून गेला. "असली मशीन मी जिंदगीत उघडली नाय," म्हणाला. काय झालंय ते मला माहीत होतं. जिभेच्या टोकावर होतं. मी बोलले नाही.

त्या जुम्म्याला फोन आला. अम्मीने रिसीव्हर कानाला लावला, थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाली, "मशीन बरी हाय. हात पन बरे हायत."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "खोटं कशाला बोललीस?"

"मग काय सांगू? एवढ्या लांबून ते काय करनार? काळजी करून जेवनार नायत दोन दिवस."

कुवेतहून मिठाचे खोके आले, ते तसेच कपाटावर पडून राहिले. मी हट्टाने भांडी घासायला बसू लागले, पण शाळेतून येईपर्यंत अम्मीने अर्धी उरकलेली असायची. तीन आठवड्यांत मोरीतला तो आवाज परत आला. स्स. यावेळी पाणी गार आहे अशी समजूत घालायलाही जागा नव्हती. मी उशी कानावर ओढून घ्यायची. उशीतूनही ऐकू यायचा. सात महिने मी तो आवाज पाच-पाच वेळा ऐकला आणि प्रत्येक जुम्म्याला ते वाक्यही ऐकलं, मशीन बरी हाय, आणि दोन्ही वेळा गप्प बसले. माणूस कशाला घाबरून गप्प बसतं हे मला नेमकं सांगता येत नाही. अम्मी मारणार नव्हती, अब्बा तर आवाजही चढवायचे नाहीत. पण मी हुशार होते, घरात सगळे तसं म्हणायचे, आणि तेवढंच एक माझ्याकडे होतं.

अब्बा पुन्हा सुट्टीवर आले ते माझी दहावीची परीक्षा संपल्यावर. सामान ठेवलं आणि पहिल्यांदा अम्मीचे हात पाहिले. ती हात ओढणीत घेत होती, त्यांनी हलकेच सोडवून घेतले. चहाही न पिता मशीनपाशी बसले, झाकण फिरवलं, आत बोट घातलं आणि बाहेर काढलं. बोटाला राखाडी चिखल लागला होता.

"हे मीठ कोनी टाकलं?"

मी दारात उभी होते. तोंड उघडायच्या आत अम्मी म्हणाली, "मी."

अब्बांनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, की मला तसं वाटलं. म्हणाले, "बरं." आणि कामाला लागले. नळी घालून त्यांनी ते चिखलाचं पाणी ओढून काढलं, स्वच्छ पाणी भरलं, पुन्हा काढलं, कपाटावरचे खोके उतरवून चांगलं मीठ घातलं, भिजत ठेवलं, पुन्हा काढलं. असं चार दिवस चाललं. दांड्यांच्या भोकांतली पुटं त्यांनी टाचणीने एकेक करून फोडली. आणि त्या चार दिवसांत घरातली सगळी भांडी त्यांनी धुतली. अम्मीला मोरीत पाऊल टाकू दिलं नाही. आधी पेले, मग वाट्या, मग ताटं, तेलकट सगळ्यांत शेवटी. डावा हात भांडं फिरवायचा, उजवा घासायचा, नजर भांड्याकडे नसायचीच. फुफी म्हणाली, "काय रे, बायकांपेक्षा भारी धुतोस!" ते हसले. मला हसू आलं नाही, पण का ते अजून कळत नव्हतं.

चौथ्या दिवशी असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजाच्या सुमाराला मी खोलीत बसले होते. मोरीतून आवाज आला. स्स. मी मलमाची ट्यूब घेऊन उठले, अम्मीला लावून द्यावं म्हणून. मोरीच्या पडद्याआड अब्बा बसले होते. बाह्या कोपरापर्यंत वर, हात नळाखाली. पेरांवर चिरा, तळव्याच्या रेषांवर चिरा. अम्मीच्या हातांवर जिथे होत्या, अगदी तिथेच. त्यांनी मान वर केली. माझ्या हातातल्या ट्यूबकडे पाहिलं. मलम लागू पडतं हे त्यांना कसं माहीत होतं, ते मला त्या क्षणी कळलं. आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं.

"अब्बा, मीठ मी टाकलं होतं."

त्यांनी नळ बंद केला. "म्हाइत हाय."

"अम्मीने सांगितलं?"

"ती कशाला सांगेल? ते झाकन मी तुला एकटीला दाखवलं होतं, आनि ते किती घट्ट असतं. तिच्या हातांनी ते फिरत नाय. मलाच फिरवताना जीव जातो."

"मग बोलला का नाय?"

"तू बोलशील म्हनून थांबलो होतो."

मी रडायला लागले. रडता रडता विचारलं, "तुमी मशीनवर हाय ना? मग तुमचे हात?"

"मशीनवरच हाय," ते म्हणाले. "पेले-बश्या जातात मशीनमधे. पन डेगी, तवे, मोठी पातेली, ती नाय मावत. ती हातानेच." मग उठले, टॉवेलने हात टिपले, चोळले नाहीत, टिपले. "अम्मीला बोलू नको. उगीच जीवाला लावून घेईल." माझ्या खांद्यावर त्यांनी मनगट टेकवलं. ते नेहमी असंच करायचे, तळवा कधी ठेवायचे नाहीत. मला वाटायचं, ती त्यांची लकब आहे.

त्या संध्याकाळी अम्मीला मी मिठाचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बरनी रिकामी झालेली मला दिसली नसेल, असं वाटलं होय तुला?" आणि तिने माझ्या केसांना तेल लावायला घेतलं, चिरलेल्या बोटांनी, हळूहळू. रात्री मशीन चालू झाली. आत पाणी पडल्याचा आवाज आला तेव्हा फुफीने मोठ्याने अल्लाचे आभार मानले.

अब्बांच्या जाण्याचा दिवस आला. त्यांची बॅग उघडी होती. मी दोन ट्यूबा लपवून आणल्या होत्या, त्या सदऱ्यांच्या खाली सरकवायला हात घातला, तर तळाशी काहीतरी मऊ लागलं. अम्मीचे सुती मोजे होते. आत गुंडाळलेली एक ट्यूब होती. मी माझ्या ट्यूबा तिच्या शेजारी ठेवल्या आणि सदरे पुन्हा सारखे केले.

आता मी करंजाड्याला राहते, मुलांना रसायनशास्त्र शिकवते. इमारतीत बऱ्याच घरांत अशी मशीन आली आहे, आणि टँकरचं पाणी पूर्वीच्या बोअरच्या पाण्यापेक्षा जड आहे. नोकरी करणाऱ्या पोरी पेल्यांचे फोटो पाठवतात, "मॅडम, पांढरं का होतंय?" मी त्यांना जाळी, टाचणी, रबर, मीठ सगळं सांगते. साधं मीठ चालेल का, असं विचारलं की माझा आवाज चढतो. त्यांना वाटतं, बाई फारच कडक आहे.

पण मला आठवतो तो अब्बा त्या सुट्टीनंतर कुवेतला परत गेल्यावरचा पहिला जुम्मा. दुपारी फोन वाजला. फुफी बोलली. अम्मी बोलली, "मशीन बरी हाय," आणि या वेळी ते खरं होतं. मग रिसीव्हर माझ्याकडे आला. दर वेळी ते विचारायचे आणि आम्ही सांगायचो. मी त्यांना बोलूच दिलं नाही.

"अब्बा, तुमचे हात कसे हायत?"

अम्मी माझ्या शेजारीच उभी होती, तिनेही रिसीव्हरला कान लावला.

"इकडची मशीन बरी हाय," अब्बा म्हणाले.